‘हो’ म्हणणाऱ्या आईचं ‘नाही’

प्रश्न

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देते आहे.)

५४ वर्षांच्या एका वाचक ताईंनी लिहिलंय. त्यांच्या आईचं वय ७६. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं जवळजवळ गेलं. ‘हो’, ‘अगं’ आणि असेच दोन-चार शब्द उरलेत. हॉस्पिटलात नाकातली नळी ओढू नये म्हणून तिचा चांगला हात काही दिवस पलंगाला बांधून ठेवला होता. घरी आल्यापासून अंघोळीच्या वेळी ती किंचाळते, बाथरूमचं दार लावलं की थरथरते, रात्री गोळी द्यायला गेलं तर थुंकते. एकदा केअरटेकरला चावलीही. केअरटेकर म्हणते, ‘मी विचारूनच करते हो, त्या हो म्हणतात आणि मग मारतात.’

यामागचं एक कारण फक्त या ताईंना माहीत आहे. तरुणपणी आईचं पहिलं लग्न झालं त्या घरात तिला सहा वर्षं मारहाण झाली, अंधाऱ्या खोलीत कोंडलं गेलं, ओरडू नये म्हणून तोंड दाबलं गेलं. तीन वर्षांच्या मुलीला, म्हणजे या ताईंना, घेऊन ती तिथून बाहेर पडली. पुढे दुसरं लग्न, चांगला संसार, एक मुलगा. तीस वर्षांपूर्वी एका रात्री तिनं हे सगळं मुलीला सांगितलं आणि म्हणाली, ‘हे तुझ्यापाशीच राहू दे.’ धाकट्या भावाला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला वाटतं आईचा स्वभाव बिघडलाय, समज गेलीय. झोपेची गोळी वाढवावी, नाहीतर तिला केअर सेंटरमध्ये ठेवावं. ताई विचारतात: केअरटेकरला, डॉक्टरांना, भावाला सांगू का? सांगितलं तर शब्द मोडला, नाही सांगितलं तर आईचे हाल. आईला हे मनातलं बाहेर काढायला कुणाची मदत घ्यावी का? आणि ‘तुला कधी दुसरीकडे ठेवणार नाही’ असं मी तिला म्हटलं होतं, त्याचं काय?

शेवटी एक ओळ अशी आहे: ‘ती मधूनच डावा हात वर करून पंजा पसरते. काय हवंय काही कळत नाही. सवयच झालीय तिला.’

उत्तर

प्रिय ताई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला गुपिताचा प्रश्न सगळ्यात मोठा वाटला, दुसऱ्यांदा केअर सेंटरचा. तिसऱ्या वेळी मात्र केअरटेकरच्या त्या वाक्याशी अडखळले. ‘हो म्हणतात आणि मग मारतात.’ ती बाई खोटं बोलत नसावी आणि तुमची आईही लहरीपणा करत नसावी, असं मला वाटतं. दोघींच्या मध्ये एक ‘हो’ अडकलाय, आणि त्याचा अर्थ ‘हो’ नाही.

त्यावर येतेच. पण त्याआधी एक रूक्ष काम. आईच्या किंचाळण्यामागे जुनी जखम आहे, हा तुमचा अंदाज बरोबर असेलही. तरी तो गृहीत धरून थेट मनाकडे वळू नका, आधी शरीर तपासून घ्या. अर्धांग झालेल्या माणसाचा खांदा पुष्कळदा सांध्यातून थोडा खाली उतरतो आणि फार दुखू शकतो. अंघोळ घालताना, कपडे चढवताना त्या हाताला धरून उठवलं किंवा हात वर ओढला की जीव जातो. ज्या किंकाळीला आपण भूतकाळ समजतो, ती कधी कधी निव्वळ खांद्याची असते. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं, एखादं नवं औषध, यांतल्या कशानंही वयस्कर माणूस दोन दिवसांत गोंधळल्यासारखा, आक्रमक किंवा अगदी सुस्त होतो. स्ट्रोकनंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि बोलता न येणाऱ्या माणसात ते ओळखू येत नाही. ते चिडचिड किंवा जेवण नाकारणं या रूपात दिसतं. आणि हे तर पक्कं लक्षात असू द्या: चेहरा अचानक वाकडा झाला, हात गळाला, आहे तेवढंही बोलणं गेलं, तर ‘तिला पुन्हा ते सगळं आठवलं असेल’ म्हणत थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही जितकं लवकर तितकं बरं.

हे सगळं पाहून झालं की मग जुन्या जखमेकडे वळू.

तुमच्या भावाला वाटतं तशी आईची समज गेलेली नसावी. तिला झालाय तो वाचाघात, डॉक्टरांच्या भाषेत अफेझिया. यात शब्दांची वाट अडते. विचार, आठवणी, आवडीनिवडी, लाज, राग हे सगळं सहसा मागे शाबूत असतं. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरनं ज्या रुग्णामुळे मेंदूतली बोलण्याची जागा शोधली, त्या माणसाला ‘तां’ या एकाच अक्षराशिवाय जवळजवळ काही बोलता येत नव्हतं. त्याचीही उजवी बाजू गेलेली. पण आकड्यांचे प्रश्न विचारले तर तो डाव्या हाताची बोटं उघडून-मिटून उत्तर देई, आणि समोरच्याला कळलं नाही की भडकून एक शिवी हासडे. शिवी बरोबर यायची! मोजणी, प्रार्थना, शिव्या, गाणी यांसारख्या तोंडात बसलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात, म्हणून वाचाघातातही त्या पुष्कळदा टिकतात.

‘हो’ हा तसलाच शब्द आहे. आयुष्यभर समोरच्याला बरं वाटावं म्हणून हजारो वेळा म्हटलेला. वाचाघातात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणायचं असतं एक आणि तोंडातून निघतं दुसरं. आता केअरटेकरच्या जागी उभं राहून बघा. ती विचारते, ‘अंघोळ घालू का?’ उत्तर येतं, ‘हो.’ ती पुढे होते. आणि आईच्या जागी उभं राहून बघा: मी नको म्हणतेय, तरी ही माणसं माझे कपडे काढताहेत, दार लावताहेत, उजवा हात हलत नाही, ओरडायला शब्द नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्या खोलीत तिच्याजवळ नेमकं काय नव्हतं? हेच. तिच्या ‘नाही’ला तिथे किंमत नव्हती. स्ट्रोकनं तिचं ‘नाही’ पुन्हा काढून घेतलं, आणि हॉस्पिटलात बांधलेल्या हातानं त्यावर शिक्का मारला.

तेव्हा माझ्या मते तुमच्या घरातला पहिला प्रश्न ‘गुपित कुणाला सांगू’ हा नाही. आईला तिचं ‘नाही’ परत कसं द्यायचं, हा आहे.

यासाठी स्पीच थेरपिस्टची मदत लागेल. त्यांना ‘बोलायला शिकवा’ एवढंच सांगू नका. भरवशाचं हो-नाही शोधून द्या, असं सांगा. कुणाला अंगठा वर-खाली जमतो, कुणाला दोन रंगांची कार्डं, कुणाला डोळे मिटणं. मान हलवण्यातही गल्लत होते, म्हणून पडताळून पाहावं लागतं. ‘ही तुझी मुलगी का?’, ‘आपण बाहेर अंगणात बसलोय का?’ असे उत्तर माहीत असलेले प्रश्न आधी विचारायचे. मग महत्त्वाचा प्रश्न उलटसुलट: ‘आत्ता अंघोळ हवी?’ आणि थोड्या वेळानं ‘अंघोळ नंतर करायची?’ दोन्हीला ‘हो’ आलं तर उत्तर मिळालेलं नाही, एवढंच समजायचं. एका वेळी एकच प्रश्न, छोटा. आणि मग मनात सावकाश दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. हे गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही. (मला स्वतःला जमत नाही. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांची वाक्यं मीच पुरी करायचे, आणि ते कंटाळून भिंतीकडे तोंड करायचे.) थकवा हा स्ट्रोकनंतरचा मोठा शत्रू आहे, त्यामुळे असं बोलणं तिच्या सगळ्यात ताज्या वेळी करायचं, टीव्ही बंद ठेवून.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक ‘नाही’ पाळता येणार नाही. ओलं डायपर बदलावंच लागतं, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रक्तदाबाची गोळी चुकवून चालत नाही. अशा वेळी आपण गोड आवाजात ‘बदलू का गं?’ असं विचारतो आणि ती नको म्हणाली तरी बदलतोच. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. ज्या प्रश्नाचं ‘नाही’ हे उत्तर आपण मान्य करणार नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. सरळ सांगायचं, ‘आई, कपडा बदलायचाय. आत्ता करू की पाच मिनिटांनी? आधी या कुशीवर की त्या?’ निवड छोटी असेल, पण खरी असते. उलट रोजची पूर्ण अंघोळ ही काही औषधाची गोळी नाही. आज नुसते हात-पाय-चेहरा, उद्या पाठ, असं पुसून घेतलं तरी स्वच्छता राहते. तिथे तिचं ‘नाही’ बिनशर्त पाळा. दोन-चारदा पाळलं गेल्याचं तिच्या अनुभवाला आलं की उरलेल्या गोष्टींतला विरोध कमी होण्याची शक्यता पुष्कळ असते.

आता गुपित. तुम्हाला दोनच रस्ते दिसताहेत, सगळं सांगणं किंवा काहीच न सांगणं. पण केअरटेकरला आईची गोष्ट कळण्याची गरज काय? तिला कळायला हवं ते एवढंच, की दार लावलं, अंधार केला, तोंडाजवळ अचानक हात नेला की या बाईंचा थरकाप होतो. हे सांगताना तुम्ही कुठलाही शब्द मोडत नाही. हे तर डोळे उघडे असलेल्या कुणालाही दिसतंय. कारण विचारलं तर ‘त्यांना पूर्वीपासून याची फार भीती आहे’, इतकं पुरे. गोष्ट आईची, सूचना सगळ्यांच्या.

डॉक्टरांचं थोडं वेगळं. औषध, नळी, तपासणी असे निर्णय त्यांच्या हातात आहेत, म्हणून त्यांना एक वाक्य जास्त कळणं आईच्या हिताचं आहे: ‘तरुणपणी बरीच वर्षं हिंसा सोसली आहे, कोंडलं गेलं आहे.’ तपशील नाही, नावं नाहीत, आणि फाइलमध्ये काय लिहिलं जाईल, ती फाइल कोण वाचेल हे विचारूनच. पण हे वाक्य सांगण्याआधी आईला विचारा. ती समोर आहे, तिला समजतं, मग आपण दोघी-तिघी बसून तिच्या शब्दाचं काय करायचं ते का ठरवायचं? ‘आई, तू मला त्या रात्री जे सांगितलंस, त्यातली एक ओळ डॉक्टरांना सांगू? फक्त त्यांना?’ घाई नको, उलटसुलट पडताळणी हवी. तिनं नाही म्हटलं तर नाही. सूचनांवरही पुष्कळ निभतं. उत्तर काही केल्या स्पष्ट मिळालंच नाही आणि तिकडे पुन्हा हात बांधायची वेळ आली, तर मात्र ते एक वाक्य मी सांगेन. तीस वर्षांपूर्वी तिनं शब्द मागितला तेव्हा ती स्वतःचं रक्षण स्वतः करू शकत होती. तो शब्द तिच्या रक्षणासाठीच होता ना?

भावाला गोष्ट सांगू नका. निदान तुम्ही होऊन नको. त्याला एवढं सांगा, की आईला काही गोष्टींची खोल भीती आहे, कारण तिचं तिच्यापाशी आहे, आणि तुला सांगायचं की नाही ते तीच ठरवेल. तो चिडेल कदाचित. पण एक लक्षात घ्या: तो तिच्या नंतरच्या, सुखाच्या आयुष्यातला आहे. त्याच्या चेहऱ्याला त्या घराचा वास नाही. तो समोर बसला की तिला बरं वाटतं का, हे मुद्दाम बघा. शरीराच्या कामांतून त्याला लांब ठेवा, पण फिजिओचे व्यायाम, संध्याकाळचं फिरवून आणणं, औषधांचा हिशेब ही कामं त्याच्याकडे द्या. ‘स्वभाव बिघडला’ हे मत लांब उभं राहून तयार होतं. रोज अर्धा तास जवळ बसलं की ते बदलतं.

सूचनांचा कागद करा, एकच पान, मोठ्या अक्षरात, आईच्या पलंगाजवळ. हॉस्पिटलात जायची वेळ आली तर तोच सोबत जाईल. त्यात काय असावं ते सांगते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्या इतर वाचकांनीही आपापल्या माणसाप्रमाणे बदल करून घ्यावेत. समोरून या, डाव्या बाजूनं, आणि लांबूनच नाव घेऊन बोला. मेंदूच्या डाव्या भागातल्या स्ट्रोकनंतर पुष्कळांना उजवीकडचं दिसत नाही; त्या बाजूनं आलेला माणूस हवेतून उगवल्यासारखा वाटतो. (नजर तपासून घ्या. थेरपिस्ट पुढे मुद्दाम उजवीकडून काम करायला सांगतील, तेव्हा आधी सांगून करायचं.) हात लावण्याआधी काय करणार ते सांगा, वस्तू दाखवा, मग थांबा. दार पूर्ण लावायचं नाही, आडोशाला पडदा. दिवा चालू. तिला खुर्चीत अशी बसवा की दार दिसेल. पाणी पायांपासून किंवा हातांपासून सुरू, डोक्यावर आणि तोंडावर कधीच एकदम नाही. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं, बाकी अंगावर पंचा. ओलं कापड तिच्या डाव्या हातात द्या आणि तिचाच हात खालून आधार देऊन फिरवा; जिथे स्वतः पोचते तिथे तिनं स्वतः पुसायचं, वेळ लागला तरी. शक्यतो रोज तीच व्यक्ती, आणि शरीराच्या कामासाठी बाईच. हात बांधायचा नाही.

तोंडाविषयी वेगळं लिहिते, कारण तुमच्या पत्रातली ती ‘तोंड दाबलं गेलं’ ओळ माझ्या मनातून जात नाही. गोळी थुंकते म्हणून गाल दाबून, नाक धरून तोंडात घालणं हे कुणालाही करू देऊ नका. तिच्या बाबतीत ते क्रूर आहे आणि स्ट्रोकच्या कुठल्याही रुग्णाच्या बाबतीत धोक्याचं, कारण गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. खाताना खोकला येतो का, आवाज घोगरा-ओलसर होतो का, हे बघा. तसं असेल तर गिळण्याची तपासणी आधी. ताठ बसवून, तिच्या नजरेसमोर चमचा नेऊन, शक्यतो चमचा तिच्याच डाव्या हातात. गोळी जात नसेल तर डॉक्टरांना पातळ औषधाचं किंवा वेळ बदलण्याचं विचारा. आपल्या मनानं कुटून देऊ नका, काही गोळ्या कुटल्या की त्यांचं काम बिघडतं. दात घासायचा ब्रशसुद्धा तिच्या हातात.

रात्री ती दचकून उठली, डोळे उघडे पण तुमच्याकडे बघत नाहीत अशी वेळ आली, तर हलवू नका, मिठी मारू नका. चार पावलांवर थांबून, दिवा लावून, छोटी वाक्यं: ‘आई, मी आहे. तू आपल्या घरी आहेस. दार उघडं आहे. इथे आपणच आहोत.’ पुन्हा तेच, त्याच आवाजात. काय दिसलं, कोण होतं, असं विचारायचं नाही. शांत झाल्यावर डाव्या हातात काहीतरी ओळखीचं द्या, तिची शाल, चष्मा, काहीही.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न, मनातलं बाहेर काढण्याचा. ‘एकदा सगळं बोलून टाकलं की मोकळं वाटतं’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटतं. तिनं ते एकदा, स्वतःच्या वेळेला, स्वतः निवडलेल्या माणसाला सांगितलं आहे. आता शब्द नसताना तिला त्या खोलीत पुन्हा नेणं म्हणजे परतीचा रस्ता बंद करून नेणं. अशा जुन्या आघातावर नीट उपचार असतात, वाचाघात असलेल्या माणसासाठी ते चित्रं-खुणा वापरून जुळवूनही घेता येतात. पण रोजचा दिवस सुरक्षित झाल्यावर, आणि तिनं मागितले तर. आई त्या घरातून निघाली तेव्हा या त्रासाला धड नावही नव्हतं. आघातानंतरच्या ताणाचा विकार, पीटीएसडी, हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तिकेत आलं ते १९८० मध्ये. नावाशिवाय ती पन्नास वर्षं नीट जगली. कामात गुंतून, बोलून, उठून बाहेर जाऊन तिनं ते दूर ठेवलं असणार. स्ट्रोकनं हीच साधनं काढून घेतली, शिवाय स्ट्रोक स्वतःच एक धक्का आहे. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा पहिल्या वर्षात साधारण चारांतल्या एका रुग्णाला नुसत्या स्ट्रोकमुळेच पीटीएसडीची लक्षणं आढळली होती. तेव्हा तिला बोलतं करण्याऐवजी साधनं परत द्या. डाव्या हाताला काम. रोज बाहेरची हवा. आणि गाणं. बोलता न येणारी माणसंही पुष्कळदा गातात, शब्दांसकट. चालीवरून शब्दांकडे नेणारी उपचारपद्धतीही १९७० च्या दशकापासून आहे. फक्त गाणं कुठलं, ते तिला निवडू द्या. त्या सहा वर्षांत कानावर पडलेलं एखादं नको असेल, आणि ते तुम्हाला कसं कळणार?

झोपेच्या गोळीबद्दल भावाला माझ्याकडून एवढंच सांगा. गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसाचा गोंधळ वाढतो, पडण्याचा धोका वाढतो, गिळणं आणखी ढिलं होतं. आणि आघाताच्या त्रासावर त्या शामक गोळ्या, ज्यांना बेंझोडायझेपिन म्हणतात, तज्ज्ञांच्या शिफारशींत सहसा बसत नाहीत. मी औषधांच्या विरोधात नाही. नैराश्य असेल तर त्यावरची औषधं उपयोगी पडतात, दुखण्यावरचीही. पण आधीपासून चालू असलेली कुठलीही गोळी आपणहून बंद करायची नाही आणि गप्प बसवायला म्हणून कुठलीही वाढवायची नाही. डॉक्टरांना ‘झोपत नाही’ असं न सांगता ‘कधी, कशानंतर, किती वेळ’ हे आठ दिवस लिहून दाखवा. त्या नोंदीवरून पुष्कळ कळतं.

आणि केअर सेंटर. तुम्ही ‘घर म्हणजे माया, सेंटर म्हणजे टाकून देणं’ असं धरून चालला आहात. ताई, तुमच्या आईला कोंडलं ते घरातच. चार भिंती आपल्या असल्या म्हणजे माणूस सुरक्षित असतो, हे तिच्या बाबतीत तरी खरं ठरलेलं नाही. तिला काय हवं ते ठिकाणाच्या नावावर ठरणार नाही. तिथे तिचं ‘नाही’ चालतं का, यावर ठरेल. घरी रात्री न झोपलेली, हात थरथरणारी मुलगी आणि दर पंधरा दिवसांनी बदलणारी केअरटेकर असेल, तर एखादं चांगलं सेंटर बरं असू शकतं. सेंटर बघायला गेलात तर इमारत कमी बघा. विचारा: रात्री दारं बाहेरून लावता का? हातपाय बांधता का, कधी, कुणाच्या परवानगीनं? अंघोळ घालणारी तीच बाई राहील का? न सांगता भेटायला आलं तर चालेल का? हा आमचा कागद भिंतीवर लावाल का? शेवटच्या प्रश्नाला कपाळावर आठी आली तर तिथून निघा. आईला आधी दोन-तीनदा नुसतं बसायला घेऊन जा आणि तिचा चेहरा वाचा. ‘तुला दुसरीकडे ठेवणार नाही’ हे तुम्ही म्हणालात तेव्हा तुमच्या मनात ठिकाण होतं की तिची भीती? भीतीविषयी दिलेला शब्द तुम्ही अजून पाळू शकता, कुठेही.

एक गोष्ट तुम्ही उघड लिहिली नाहीत, पण मला दिसली. आई किंचाळते तेव्हा ‘माझे पाय गळतात, मी दारातच उभी राहते’, असं तुम्ही ओझरतं म्हटलंय. तुम्हीही त्या घरात होतात. तीन वर्षांच्या मुलीला आठवत नाही असं मोठे म्हणतात. शरीराला आठवत असू शकतं. बंद दाराआडून आलेला तोच आवाज तुम्ही पुन्हा ऐकताय, रोज सकाळी. म्हणून तुम्ही अंघोळीच्या वेळी दारात उभ्या राहू नका. तो अर्धा तास बाहेर फिरून या. कागद आणि केअरटेकर त्यांचं काम करतील. समुपदेशकाकडे आईला नेण्याआधी स्वतः जा. आठवड्यातल्या निदान दोन रात्री भाऊ झोपेल आईच्या खोलीत. हे त्याला विचारायचं नाही, ठरवून सांगायचं. कोणत्या दोन रात्री, एवढंच तो ठरवेल.

आता ती पत्रातली शेवटची ओळ. डावा हात वर करते, पंजा पसरते, काय हवंय कळत नाही.

मला वाटतं तिला काही नकोय. हे दोन्ही अर्थांनी वाचा. तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात, उशी सारलीत, पंखा लावलात, आणि ती हात खाली घेऊन मुकाट राहिली, असं काहीसं घडत असणार. पसरलेला पंजा समोर धरणं याला आपण सगळेच एरवी काय समजतो? तिची चालती बाजू तीच आहे, ‘हो’ तिचं ऐकत नाही, पण हा हात ऐकतो. मी चुकत असेन. तपासायला सोपं आहे. उद्या कापड, चमचा, काहीही हातात असताना तिचा पंजा वर झाला, तर तिथल्या तिथे थांबा. हात मागे घ्या, म्हणा, ‘थांबले.’ केअरटेकरलाही तेच सांगून ठेवा, कागदावर अगदी वर लिहा. तिचा हात खाली येईपर्यंत कुणीच काही करायचं नाही.

आठ दिवसांनी मला कळवाल का, तिनं हात किती वेळा वर केला आणि किती वेळानं खाली घेतला?